पंधरा सेकंदांची पावणी

करी रोड,
११ फेब्रुवारी २०२४

शांता,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. तेहेतीस वर्षांच्या संसारात तुला कधी प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तू म्हणशील, हा काहीतरी मागायला आलाय. मागायला आलोच आहे, पण ते शेवटी सांगतो.

तू माहेरी गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. फोन लावला की नाना उचलतो आणि म्हणतो, ताई परड्यात गेलीय. तुझ्या भावाचं परडं केवढं आहे ते मला ठाऊक आहे. दोन नारळ, एक फणस आणि शेवग्याचं झाड. एवढ्यात माणूस एकोणीस दिवस कसा हरवतो? आता मीही फोन करणार नाही, कारण फोनच माझ्याकडे नाही. समोरच्या रुचाकडे दिलाय. ती बँकेत कामाला असल्यामुळे तिला यातलं कळतं. तिने ते लिलावाचं ॲप काढून टाकलं आणि म्हणाली, "काका, महिनाभर माझ्याकडेच राहू दे." मी म्हटलं, वर्षभर ठेव. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

पैसे गेले, मान्य. तुझे तीन उन्हाळ्यांचे मसाल्याचे पैसे. नानाच्या पडवीत स्वतःचं कांडपाचं मशीन टाकायचं आणि आपण दोघांनी तिकडेच जाऊन राहायचं, हे ठरलं होतं आणि ते माझ्याही डोक्यात पक्कं होतं. मी ते पैसे उचलून कोणाला दिले नाहीत गं. ते थोडे थोडे जात गेले. दहा रुपये, दहा रुपये, दहा रुपये. आणि एफडी केली असं मी तुला सांगितलं, ते वेळ मारून न्यायला. तू तडक रुचाकडे जाऊन विचारशील असं वाटलं नव्हतं.

इकडे सगळं ठीक आहे. जेवणाचे हाल नाहीत. परवा बांगडे आणले, चार तळले, सवयीने दोन झाकून ठेवले. नंतर मीच खाल्ले.

आता मागणं. मार्च लागला की मिरची येईल, बायका दारात उभ्या राहतील. त्याआधी ये. मशीनचे पैसे मी उभे करतो, कसेही करून.

लवू

करी रोड,
३ मार्च २०२४

शांता,

तुझं उत्तर नाही. नानाचंही नाही. पोस्टमन मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जातो.

तुला एक बातमी द्यायची आहे, बसून ऐक. तुझ्या ऑर्डरी मी घेतल्या. शैलाताई, मागच्या इमारतीतल्या दोघी आणि परळच्या त्या मास्तरीणबाई. सगळ्यांना सांगितलं, शांता गावी आहे, पण मसाला होणार. ब्याडगी आणली, थोडी संकेश्वरी घातली. गच्चीवर तीन दिवस सुकवली. देठं काढायला संध्याकाळी एकटाच बसलो, बोटं अजून चुरचुरतात. काल गॅलरीत शेगडी मांडून मिरची भाजली, मग धणे, मग दगडफूल, खसखस. मजल्यावर कोणाची काही तक्रार नाही. उद्या लालबागला मसाल्याच्या गल्लीत डंखावर कांडायला नेईन. गल्लीतला तो डंखवाला विचारत होता, वहिनी कुठेत? मी म्हटलं, येतील.

त्या गल्लीतून मी हल्ली मुद्दाम जातो. लांब पडतं, पण जातो. शिंका येतात, डोळ्यांत पाणी येतं, बरं वाटतं.

आता मागच्या पत्रात सांगायचं राहिलं ते सांगतो. सुरुवात कशी झाली.

गेल्या गणपतीत आपल्याकडे मिक्सर आला, आठवतो ना? सत्याऐंशी रुपयांत. तू अख्ख्या मजल्याला दाखवलास. "आमच्या ह्यांनी लिलावात घेतला, ह्यांच्याएवढी बोली कोणाला कळते," असं तू म्हणालीस आणि मला गोदीतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदा वाटलं की मी अजून काहीतरी आहे. तो मिक्सर सत्याऐंशीचा नव्हता शांता. त्या ॲपवर बोली लावायचेच पैसे पडतात. एका बोलीला दहा रुपये. वस्तू मिळो न मिळो, ते दहा रुपये परत नाहीत. बोली लागली की किंमत फक्त दहा पैशांनी चढते आणि घड्याळ पुन्हा पंधरा सेकंदांवर जातं. पंधरा सेकंदांत दुसरं कोणी बोललं नाही तर वस्तू तुमची. मिक्सरसाठी मी तीनशे चाळीस बोल्या लावल्या. म्हणजे चौतीसशे रुपये, वर ते सत्याऐंशी. लालबागच्या दुकानात तोच मिक्सर सव्वीसशेला होता.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू त्यात खोबरं वाटत होतीस आणि गुणगुणत होतीस.

तू म्हणशील, एवढं कळत होतं तर पुढे कशाला गेलात? अगं, आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या सत्यनारायणाला देवापुढच्या नारळा-केळ्यांचा लिलाव, आपली पावणी, मी अठ्ठावीस वर्षं बोलवतोय. कोणाची बोली खरी, कोण नुसता चढवतोय, कोण आता गप्प बसणार, मला चेहऱ्यावरून कळतं. वाटलं, लिलाव तो लिलाव. मिक्सरला मी शिकाऊ होतो, आता जमेल. पावणीत ज्याची बोली मागे पडते तो हात हलवत घरी जातो, त्याचं काही जात नाही. इथे मागे पडणाऱ्याच्याच जिवावर सगळा बाजार. हे डोळ्यांना दिसत होतं, पण अठ्ठावीस वर्षांचा माज होता ना.

असो. मसाला छान होईल असं दिसतंय. एक किलो तुला पाठवू का, चव बघायला?

लवू

करी रोड,
२४ मार्च २०२४

शांता,

आज एका बाईबद्दल सांगणार आहे. रागावू नकोस, आधी वाच.

डिसेंबरात त्या ॲपवर मोटारसायकल लागली होती. ती हजार-बाराशेत घ्यायची, विकायची आणि तुझे गेलेले पैसे गुपचूप जागेवर ठेवायचे, असा माझा बेत होता. लिलाव रोज दुपारी तीनच तास चालायचा, एरवी घड्याळ थांबलेलं. तू गल्लीत हिशेबाला किंवा मार्केटला गेलीस, नाहीतर चुलीकडे पाठ करून बसलीस, की मी खिडकीत बसायचो. पहिल्या दिवशी पन्नास-साठ नावं होती. मग एकेक गळत गेलं. सातव्या दिवशी दोनच उरली. एक मी आणि एक वैदेही_२२.

मी बोली लावली की ती बारा-तेरा सेकंद थांबायची आणि मगच लावायची. नेहमी तेवढंच. मला वाटलं, बाई घाबरत घाबरत बोलतेय. तिच्याकडे जास्त पैसे नसणार. मग माझ्या डोक्यात ती तयारच झाली. रत्नागिरीकडची असेल, नवरा नसेल, मुलाला कामाला जायला गाडी हवी असेल. चार दिवस मी तिच्याशीच खेळत होतो म्हण ना. तू हाक मारायचीस आणि मी तिच्या बारा सेकंदांत अडकलेलो असायचो.

आपल्या पावणीची रीत तुला माहीत आहे. नवसाचा नारळ असला आणि एखादी गरजवंत बाई बोलायला उभी राहिली की बाकीचे दोन बोल्या लावतात, मान राखायला, आणि मग थांबतात. कोणी सांगावं लागत नाही. मी बोलवणारा, मला तर आधीच कळतं कुठे थांबवायचं. कैक वर्षं मी असे नारळ योग्य हातांत घातलेत.

तर अकराव्या दिवशी मी थांबलो. सव्वीसशे बोल्या घालून बसलो होतो, आणि थांबलो. घड्याळ शून्यावर गेलं, गाडी तेराशे बारा रुपयांत वैदेहीला गेली. आणि शांता, खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी सुरमई आणली होती. तू विचारलंस, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे नवी मोटारसायकल लागली. पहिली बोली वैदेही_२२. मी बघतच राहिलो. बारा सेकंद, तेरा सेकंद, बोली. मागे जाऊन जिंकलेल्यांची नावं काढली. तिने त्या महिन्यात चार गाड्या घेतल्या होत्या.

रुचाला मी हे आत्ता सांगितलं. तिने पेपरच्या कडेला आकडे मांडून दाखवले. तेराशे बारा रुपये झाले म्हणजे तेरा हजारांच्या वर बोल्या, म्हणजे ॲपवाल्याकडे सव्वा लाखाच्या वर जमा, आणि गाडी फार तर नव्वद हजारांची. तीसुद्धा खरोखर कोणाला दिली असेल तर. म्हणाली, "काका, ती बाई असेलच असं नाही. कंपनीचं मशीनच त्या नावाने बोली लावत असेल. आपल्याला कळायचा काही मार्ग नाही."

कळायचा मार्ग नाही, हेच मला सोसत नाही. अठ्ठावीस वर्षं मी चेहरे बघून बोली थांबवली, आणि इथे चेहरा मी माझ्या मनानेच काढला आणि त्याच्यासाठी थांबलो.

आणि तरी दुसऱ्या गाडीवर मी बोली लावली. तेव्हा रागाने लावली. तुझ्या मशीनचे उरलेले पैसे गेले ते त्या रागात.

घर फार मोठं वाटतं गं. दहा बाय बाराची खोली, पण तुझी एखादी वस्तू शोधायला निघालो की ती संपता संपत नाही. कपाट उघडतो, तुझ्या पातळांना दगडफुलाचा वास आहे. परत लावतो.

लवू

करी रोड,
१५ एप्रिल २०२४

शांता,

हे पत्र मी स्वतःहून लिहीत नाही. शैलाताईंनी रविवारपर्यंतची मुदत दिली होती, ती काल संपली. एक दिवस उशीर झालाच. तुझं उत्तर येत नाही हे मी सगळ्यांना सांगत फिरतो, पण तू उत्तर द्यावंस असं मी तरी काय लिहिलं होतं?

मिरचीचं सगळं खोटं होतं. मी ब्याडगी आणली नाही. गच्चीवर सुकत होती ती दुसऱ्या मजल्यावरच्या प्रितीच्या आईची. मी तिथे बसून तुझ्यासाठी पत्रात सुकवली. बोटं चुरचुरली नाहीत. शेगडी तू ठेवलीस तिथेच आहे.

ऑर्डरी मात्र खऱ्या होत्या. चौघींनी मिरचीसाठी आगाऊ पैसे दिले, तुझ्या नावावर दिले. आणि रुचाकडे ठेवलेला फोन मी परत आणला. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो तिच्याकडेच होता, ते खोटं नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी गॅसचा नंबर लावायचाय असं सांगून घेऊन आलो. पाच ग्रॅमचं सोन्याचं नाणं लागलं होतं. वाटलं, शांता परत येईल तेव्हा तळहातावर ठेवीन. फोन घेतला तेव्हा खरंच तुझाच चेहरा डोळ्यांसमोर होता. दोन दुपारी बसलो आणि चौघींची मिरची गेली. नाणं कोणाला गेलं ते मी बघितलंही नाही.

आणि त्यानंतर मी तुला मसाला भाजल्याचं पत्र लिहिलं. अशा माणसाला काय म्हणतात ते तूच ठरव.

मार्च सरला, बायका विचारू लागल्या. मास्तरीणबाईंना सांगितलं, डंख बंद आहे. मागच्या इमारतीतल्या दोघींना सांगितलं, मिरची ओली निघाली. शैलाताईंना काही सांगता येईना. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं वॉर्डात नर्स होत्या त्या, तोंडावरून ताप ओळखतात. मी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "लवूभाऊ, मी पैसे शांताच्या भरवशावर दिले. तुमच्याशी माझा व्यवहार नाही. तुम्ही तिला रविवारपर्यंत कळवा. नाहीतर मी कळवीन."

मी म्हटलं, "ताई, मी पेन्शनमधून फेडतो ना. तिला कशाला?"

"पैशांचं कोण बोलतंय? तिचं नाव विकून खाल्लंत, आणि तिलाच माहीत नाही."

काल बाबासाहेबांची जयंती. सगळी इमारत पांढऱ्या कपड्यांत खाली उतरली होती. संघमित्राने, शैलाताईंच्या मुलीने, मला ओढून नेऊन खिरीची वाटी हातात दिली. शैलाताई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाटी तशीच कठड्यावर ठेवून मी वर आलो.

आज सकाळी उरलेल्या तिघींच्या दारात जाऊन खरं सांगून आलो. एकीने दार लावून घेतलं, मास्तरीणबाई म्हणाल्या दर महिन्याला थोडे द्या, तिसरी हसली आणि आत जाऊन नवऱ्याला सांगितलं ते मला ऐकू आलं. मग फोन विकला. करी रोडच्या पुलाखालच्या दुकानात. त्याचे आले ते शैलाताईंना द्यायला गेलो तर घेतले नाहीत. पाकिटात घालून ठेवलेत, कपाटात, तुझ्या पातळांखाली.

मंडळाचे लोक आले होते, मे महिन्यात पूजा आहे, पावणी बोलवाल ना म्हणून. मी नाही म्हटलं. कारण विचारलं, तेही सांगितलं. म्हाताऱ्या सेक्रेटरीने मान हलवली आणि निघून गेला.

आता मी तुला ये म्हणत नाही. ये म्हणायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. पण तुझी आठवण येते, शांता. भाकरी थापताना तू मला पाठमोरी बसून टोचून बोलायचीस ना, ते बोलणं मला दिवसभर ऐकू येतं. ते खरं तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

लवू

२६ एप्रिल २०२४

भावोजी,

नमस्कार. अक्षर बघून गोंधळू नका, मी नानांची वैशाली लिहितेय. वन्संचा चष्मा इकडे येताना एसटीत फुटला आणि कणकवलीला जाऊन नवा करायला त्या तयार नाहीत. त्यामुळे तुमची चारही पत्रं मीच त्यांना वाचून दाखवली. पातळांचं आणि भाकरीचं मी घाईघाईने वाचलं, तुम्ही लाजू नका. आता त्या माझ्यासमोर पडवीत बसल्यात, सांगतात तसं लिहिते. मध्ये मध्ये मालवणीत बोलतात ते तसंच लिही म्हणाल्या.

वन्सं म्हणतात, तुमचं मिरचीचं पत्र आलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. "गॅलरीत मिरची भाजली आणि मजल्यार कोण खोकलो नाय? खोटा लिवचा तर नीट लिवचा." त्या दिवशी त्या हसल्या होत्या. मग रात्री जेवल्या नाहीत.

शैलाताईंचा फोन येऊन गेला. चौघींचा मसाला वन्संनी इथे नानांकडून मिरची आणवून केला आणि परवा एसटीच्या पार्सलने पाठवला. शेजारच्या गावातल्या गिरणीवर कांडून आणला, डोक्यावरून. कपाटातलं पाकीट तिथेच राहू द्या. मिरचीचे आणि पार्सलचे पैसे त्या तुमच्या पेन्शनमधून घेणार आहेत, आणि बाकीचेही, म्हणतात, सोडणार नाहीत.

मी विचारलं, वन्सं, राग पैशांचा आहे का? मग म्हणाल्या ते लिहिते.

"त्या वैदेहीसाठी हे थांबले. ती बाई होती की मशीन होतं हे पण माहीत नाय, तरी गरीब असेल म्हणून थांबले. मी दोन हात लांब चुलीकडे होतंय. पैसे माझे होते. माझ्यासाठी एकदा पण थांबाक सुचला नाय ह्यांका."

हे सांगून त्या उठून परड्यात गेल्या. खरोखरच गेल्या, भावोजी. आमचं परडं लहान आहे, पण त्या रोज जातात आणि शेवग्याखाली बराच वेळ उभ्या राहतात. नानांनी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं नव्हतं.

आता आल्या आहेत. म्हणतात, मुंबईला परत येईन की नाही ते मी आज सांगत नाही, आणि पत्रातून तर सांगणारच नाही. तुम्ही यापुढे पत्र लिहू नका. बोलायचं असेल तर एसटीत बसून इकडे या आणि माझ्या तोंडावर बोला.

मी म्हटलं, एवढं कडक नको, लिहितायत बिचारे, मी वाचून दाखवेन की. तर मला म्हणाल्या, "तुझ्या तोंडसून ऐकताना माका रडाक येणा नाय गो."